पाहुणीचा निळा झगा

"हवा नाही ही, वाफ आहे वाफ. मी काय बटाटा आहे, उकडायला?"

मास्कच्या आतून येणारा आवाज असा, जसं कुणी घागरीत तोंड घालून भांडतंय. शिलाईवाली त्याच उशीवर वीतभर अंतरावर होती. एरवी तिला त्यातलं अक्षरही कळलं नसतं. पण गेले पंधरा दिवस हेच शब्द याच वेळी येत असल्यामुळे ते पाठ झाले होते. पुढचं वाक्यही ठाऊक होतं.

"दिवसभर भट्टीपुढे उभं राहायचं, आणि रात्री भट्टी नाकात घालून झोपायचं!"

"अहो, दहा मिनिटं तरी कळ काढा."

"दहा मिनिटांत माझा एक ट्रे भाजून निघतो."

मग मास्कच्या पट्ट्या सुटल्याचा खर्र आवाज, मास्क उशाशी आपटल्याचा आवाज, आणि शेवटी मशीनचा लांब सुस्कारा. नवरा कूस वळवून झोपला. ती मात्र उठून बसली, कारण आता तिचा पहारा सुरू झाला होता.

तिचा नवरा बेकरीत भट्टीवर कामाला. पहाटे साडेतीनला उठायचं, म्हणून रात्री नऊलाच आडवं व्हायचं. म्हणजे भिंतींनी दिवसभर प्यायलेलं ऊन नेमकं बाहेर टाकायला सुरुवात केलेली असते, त्या वेळी. लग्न झाल्यापासून तो घोरत आला होता. घोरण्याचं तिला काही नव्हतं. माणूस घरात आहे एवढं तरी कळतं. तिला भीती वाटायची ती घोरणं थांबल्यावर. एकदम सगळं गप्प. ना आत, ना बाहेर. ती अंधारात मोजायची. वीसपर्यंत थांबायची, आणि मग कोपर. कोपर बरगडीत बसलं की तो पाण्यातून वर आल्यासारखा धाप घेऊन जागा व्हायचा.

"काय गं?"

"काही नाही. झोपा."

सकाळी तो म्हणायचा, झोप काय मस्त लागली, फक्त ही बरगडी का दुखते कोण जाणे.

मग गेल्या थंडीत तो भट्टीपुढे उभ्या उभ्या पेंगला आणि हात तापल्या ट्रेवर टेकला. मनगटापासून कोपरापर्यंत लांबच लांब भाजलं. मालकाने डॉक्टरकडे पाठवलं, डॉक्टरने झोपेच्या दवाखान्यात. तिथे त्याला अंगभर वायरी लावून निजवलं आणि सकाळी सांगितलं, झोपेत घसा आतून मिटतो, तासाला चाळीस वेळा श्वास अडतो. शिलाईवालीच्या मोजणीत आणि त्यांच्या मोजणीत फारसा फरक नव्हता. त्यांच्याकडे कागद होता, एवढंच.

त्यांनी मशीन दिलं. दोन पाव शेजारी शेजारी ठेवावेत एवढा डबा, त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावरचा मास्क. मशीन रात्रभर नाकातून हवा ढकलत राहतं, म्हणजे घसा मिटत नाही. नाक कोरडं पडू नये म्हणून आत पाण्याची डबी, ते पाणी किंचित तापून हवेत मिसळतं. पण ते दिलं होतं वापरून बघायला. आत एक कार्ड होतं, ते रोजचे तास लिहून ठेवायचं. दर महिन्याला कार्ड तपासायचं. रोजचे सरासरी चार तास भरले नाहीत, तर मशीन रांगेतल्या पुढच्या माणसाला.

मशीन आल्याच्या पहिल्या रात्री तिला शांततेनेच झोप लागली नाही. दुसऱ्या रात्री ती अशी झोपली, की सकाळी उठल्यावर आपण कुठे आहोत हे तिला क्षणभर उमगेना. नवरा आधीच कामाला गेला होता. कोपर जागच्या जागी होतं. तिने उठून मशीनच्या पाठीवरून हात फिरवला. लांबून आलेल्या पाहुणीच्या पाठीवरून फिरवावा, तसा. "बाई, तुझे उपकार," ती म्हणाली. आसपास कुणी नाही ना हे आधी पाहून घेतलं होतं. तेव्हापासून मशीनचं नाव पाहुणी आणि नळीचं नाव सोंड.

आता पाहुणी घरात आली की तिची बडदास्त आलीच. शिलाईवालीचा धंदा पडद्यांचा, उशांच्या अभ्र्यांचा आणि झाकणांचा. तिच्या घरात शिवलेलं झाकण नाही अशी वस्तू नव्हती. मिक्सरला झाकण, पंख्याला झाकण, रिमोटला सुद्धा टोपडं. नवरा म्हणायचा, मी फार वेळ एका जागी बसत नाही, हिचा भरवसा नाही. थंडीत सोंडेत पाणी जमायचं आणि रात्री टपकन त्याच्या नाकात पडायचं. तिने कापूस भरून सोंडेला लांब बाही शिवली. पाणी बंद झालं. मग तिला वाटलं, सोंडेला ऊब आणि पाहुणी उघडीच? दोन रात्री बसून तिने जाड निळ्या पडद्याच्या कापडाचा झगा शिवला. आत अस्तर, कडेने पांढरी पायपिंग, सोंडेपुरतं गोल भोक, पुढे दोन बटणं. शेजारणी बघायला आल्या.

आणि मग उन्हाळा आला.

पहिले चार दिवस तो नुसता कुरकुरला. मग प्रयोग सुरू झाले. त्याने मशीनच्या पाण्याच्या डबीत बर्फ घातला; पंधरा मिनिटं बरं वाटलं, मग पुन्हा वाफ. तिने खिडकीला ओला पडदा लावला. खोलीत असा दमट उबारा झाला की उशीसुद्धा पाझरायला लागली. पंखा पायाशी ठेवला, डोक्याशी ठेवला, एकदा तर कपाटावर. पंखा कुठेही ठेवा, तो तीच गरम हवा इकडून तिकडे करायचा.

भिंतीला लागून असलेल्या उत्तरेच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज यायचा. त्यांना एका कानाने कमी ऐकू येत होतं, आणि दुसऱ्याने गरजेपेक्षा जास्त.

"काढून टाक रे ढब्बू ते! रात्रभर नुसती घरघर. तुझ्या बापाला कुठे होतं मशीन?"

ढब्बू म्हणजे त्यांचा मुलगा. एक्कावन्न वर्षांचा, मिशा पांढऱ्या झालेला ढब्बू. या वाक्यानंतर घरातलं कुणीच काही बोलायचं नाही. सासरे झोपेत गेले होते. बावन्नाव्या वर्षी. घरात त्याबद्दल एकच वाक्य होतं, घासून गुळगुळीत झालेलं: भाग्यवान माणूस, झोपेत गेला, कुणाला त्रास दिला नाही. पाहुण्यारावळ्यांना तेच सांगायचं, एकमेकांना तेच सांगायचं. एक्कावन्नात एक मिळवून किती होतात, हा हिशेब मात्र प्रत्येकाने आपापल्या मनात केला होता आणि तिथेच दाबून ठेवला होता.

सोळाव्या दिवशी शिलाईवालीने शिवणाचं काम बाजूला ठेवलं, पाहुणीला झग्यासकट पिशवीत घातलं आणि एकटीच दवाखान्यात गेली.

तिथे मशीन बघणाऱ्या बाई तिच्याच वयाच्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी आधी कार्ड वाचलं.

"गेल्या सोळा रात्री, सरासरी दोन तास. ताई, हे चालणार नाही."

"माहीत आहे हो. गरम हवा येते म्हणतात. भट्टीच येते म्हणतात."

"बघू, काढा बाहेर."

शिलाईवालीने पाहुणीला टेबलावर ठेवलं. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पाहुणीला एकदा सगळीकडून फिरवून बघितलं.

"हा कोट कुणी शिवला?"

"मीच." तिला अभिमान लपवता आला नाही. "अस्तर लावलंय आतून."

"सुंदर आहे. पायपिंग किती सरळ आलीय. आता पाठीमागे हात लावा. हं, तिथेच. काय लागतंय?"

कापडाखाली बोटांना एक लहानशी जाळी लागली. त्यावर झगा असा घट्ट बसला होता की सुरकुती नाही.

"हे तिचं नाक," बाई म्हणाल्या. "ही हवा बनवत नाही, ताई. खोलीतली ओढते आणि पुढे ढकलते. तुम्ही नाकावरच अस्तरासकट कापड घातलंत. जी थोडीफार हवा आत जाते ती तिच्याच अंगाने तापलेली."

त्यांनी बटणं सोडली, झगा उतरवला आणि जाळीमागची चौकोनी चकती ओढून काढली. मुळात ती पांढरी असावी. आता तिच्यावर निळ्या लोकरीसारखा थर होता, शिलाईवालीच्याच पडद्याच्या कापडाचा.

शिलाईवालीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. जिच्यामुळे आपल्याला झोप मिळाली, तिचंच नाक दाबून आपण तिला इतके दिवस पळवत होतो. आणि नवऱ्याला म्हणत होतो, दहा मिनिटं कळ काढा.

"रडू नका हो. मी इथे काय काय बघितलंय, एकाने मशीन उशीखाली ठेवलं होतं." बाईंनी नवी चकती बसवली. "आता ऐका. पाणी तापवणारी ही खालची पट्टी कितीवर आहे? पाचवर. थंडीत ठीक होतं. आता एकवर ठेवा, नाहीतर बंदच. घसा कोरडा पडला तर एकेक वाढवा."

"त्यांनी बर्फ घातला होता."

"आणि पट्टी तो तापवत बसली. पाणी स्वच्छ आणि साधं, बस. नळीची ही बाही आता काढा, थंडीत परत घाला. मशीन भिंतीला चिकटवू नका, बिछान्याहून जरा खाली ठेवा. आणि मुख्य म्हणजे हे काही गार हवेचं यंत्र नाही. खोली जशी, हवा तशी. झालीच तर किंचित गरम. दिवसा खिडक्या बंद, जाड पडदे ओढलेले. ऊन उतरलं की समोरासमोरच्या खिडक्या सताड उघड्या. घरातली सगळ्यात गार जागा कुठली?"

शिलाईवाली पिशवीचे बंद सारखे करायला लागली.

"असेल ना एखादी?"

"आहे एक," ती म्हणाली. "बघते."

निघताना बाईंनी थांबवलं. "ताई, मास्कच्या या पट्ट्यांना आतून पातळ सुती कापड लावाल? घाम टिपेल, गालावर चट्टे उठणार नाहीत. नाकाजवळच्या रबराला मात्र लावायचं नाही, तिथून हवा निसटते. जमलं तर मला पण पाच-सहा करून द्या. इथे पुष्कळांना लागतात."

चूक सापडलेल्या माणसाला काम देऊन घरी पाठवणं, ही युक्ती या बाईंना कुणी शिकवली असेल? "दहा देते," ती म्हणाली. आभार मानायचे होते, ते दहामध्ये आले.

घरी येऊन तिने निळा झगा नवऱ्यापुढे ठेवला. तो नुकताच कामावरून आला होता, पाय बादलीत बुडवून बसला होता.

"अहो, चूक माझी होती. याच्यामुळे सगळं गरम होत होतं."

"माहीत होतं मला."

"काय माहीत होतं?"

"अगं, पीठ मळून फडक्याखाली झाकलं की अर्ध्या तासात उबेने फुगतं. तीस वर्षं हेच करून पोट भरतोय मी. तुझी पाहुणी झाकल्यावर तापते, एवढं मला कळणार नाही?"

"मग तोंडाला काय झालं होतं?"

"तोंडावर मास्क होता."

तिने झगा त्याच्या अंगावर फेकला. त्याने तो झेलला, मांडीवर पसरला, पायपिंगवरून बोट फिरवलं.

"दोन रात्री बसून शिवलास तू. तिला थंडी वाजेल म्हणालीस. माझा सदरा उसवून वर्ष झालं, त्याला टाका नाही. पण म्हटलं, असू दे, पाहुणी आहे. तुला एवढा आनंद झाला होता, आणि मी कुठे म्हणू, काढ ते?"

"वेडेच आहात तुम्ही."

"आणि खरं सांगू?" तो पाण्यातल्या पायांकडे बघत म्हणाला. "मास्क काढून टाकायला मला निमित्त बरं होतं. तो नाकावर चढवला की वाटतं, आपण पण आता…"

वाक्य तिथेच राहिलं. या घरात त्या दिशेला जाणारी वाक्यं तिथेच राहत. तिने त्याच्या उघड्या हातावरच्या भाजल्याच्या वणावर तळवा ठेवला आणि म्हणाली, "आईंची खोली."

"नाही देणार ती."

"मागून तर बघू."

उत्तरेची खोली घरात सगळ्यात गार. ऊन तिच्याकडे फिरकत नाही, जमीन फरशीची, दोन खिडक्या समोरासमोर; संध्याकाळी या खिडकीतून त्या खिडकीत वारा जातो. सासूबाईंची खाट आतल्या भिंतीला. मोठ्या खिडकीखालची जागा मात्र मोकळी. मोकळी म्हणजे, तिथे पांघरुणांची एक पेटी ठेवलेली, जिला तिथे असण्याचं काही कारण नव्हतं. किती उकडलं तरी तिथे कुणी निजत नसे. कुणी मुक्कामाला आलं तर सासूबाई त्याचं अंथरूण स्वयंपाकघरात घालायच्या, पण तिथे नाही.

दिवे लागायच्या सुमाराला दोघं आत गेले. शिलाईवालीने पाहुणीला छातीशी धरलं होतं, झगा नसलेली, उघडीबोडकी. सासूबाई खाटेवर बसून शेंगा सोलत होत्या.

"आई," नवरा म्हणाला, "उन्हाळ्यापुरतं आम्ही इथे झोपू का? खिडकीपाशी?"

"इथे नको."

"अगं, तिकडे भिंती तापतात. इथे वारा आहे. मशीनची हवा गार येईल."

"ती घरघर इथे नको म्हटलं ना."

"आई, आता आवाज कमी झालाय," शिलाईवाली म्हणाली. "कापड होतं ना तिच्या नाकावर, म्हणून ओढत होती बिचारी. बघा, लावून दाखवते."

"नको."

"चौदा रात्री राहिल्यात. तेवढ्यात तास भरले नाहीत तर नेतील हिला."

"नेऊ देत."

"आई, पाया पडते मी तुमच्या—"

"त्या जागी त्याला निजवू नका!" सासूबाई ओरडल्या. मांडीवरच्या शेंगा फरशीवर सांडल्या. कुणी उचलल्या नाहीत.

खिडकीतून वारा आला, पडद्याला फुगवून गेला. नवरा दारापर्यंत गेला होता. तो तिथेच थांबला. शिलाईवालीने पाहुणीला पेटीवर ठेवलं आणि खाटेच्या कडेला, सासूबाईंच्या ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला बसली. रात्र रात्र गप्प बसून मोजायची सवय होती तिला. आतासुद्धा ती मनात मोजायला लागली. वीसच्या जरा पुढे गेली असेल.

"तुझं कोपर मला ऐकू यायचं," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"भिंत पातळ आहे. हा घोरायचा. मग थांबायचा. मग तुझं कोपर, आणि हा धाप टाकून उठायचा. किती वर्षं ऐकलं मी. रोज वाटायचं, आज हिला झोप लागली तर? पण नाही. एकदासुद्धा तू चुकली नाहीस."

"अहो आई, त्यात काय एवढं."

"गप्प बस. बोलू दे." त्यांनी खिडकीखालच्या पेटीकडे बघितलं, आणि मग दाराशी उभ्या असलेल्या मुलाकडे. "ढब्बू, आत ये. बस इथे."

तो आत येऊन फरशीवर, शेंगांच्या टरफलांमध्ये बसला.

"तुझा बाप पण असाच घोरायचा. तिथे, त्या खिडकीखाली त्याचा बिछाना होता. वर्षानुवर्षं झोप नव्हती मला. त्या रात्री तो मध्येच थांबला. एकदम गार शांतता झाली खोलीत." त्यांनी पदराला चिकटलेलं एक टरफल काढलं. "भाग्यवान, झोपेत गेला, म्हणतो ना आपण? तो झोपेत नाही गेला. त्याचा श्वास अडकला. मी हातभर लांब होते. आणि मला वाटलं, सुटले बाई एकदाची. बरं वाटलं मला. मी कूस वळवली आणि झोपले. आयुष्यात कधी लागली नव्हती अशी झोप लागली."

मुलाने आईच्या पावलावर हात ठेवला. सासूबाईंनी शिलाईवालीचा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला होता आणि त्या तिचं कोपर चोळत होत्या, लहान मुलाचं लागलेलं चोळतात तसं.

"हिने राखलाय तुला," त्या मुलाला म्हणाल्या. "जे मी नाही केलं ते हिने केलं. ती पेटी काढ तिथून. लाव तुझं मशीन. मी इथेच निजणार, या भिंतीला. आणि घरघर होऊ दे रात्रभर, जितकी व्हायची तितकी. मला ऐकू यायला हवी."